माझ्या खात्यावरचा नफा रद्द करून तोटा दाखवण्याबाबत

दिनांक : ९ सप्टेंबर

प्रति,
मा. तक्रार निवारण अधिकारी,
गुंतवणूकदार सेवा विभाग,
मुख्य कार्यालय, तिसरा मजला.

विषय : माझ्या समभाग व फंड खात्याच्या कामगिरी-पत्रकात दाखवण्यात येत असलेला ८.६ टक्के नफा खरा नसून, तो रद्द करून प्रत्यक्ष झालेला तोटा दाखवण्याबाबत.

संदर्भ : १) माझे अर्ज दि. ३ जून व दि. १ जुलै.
२) आपले उत्तर दि. २२ जुलै ("पत्रकात कोणतीही चूक आढळून येत नाही").
३) आपल्या खिडकी क्र. ४ वर दि. ६ ऑगस्ट रोजी झालेले तोंडी बोलणे.

महोदय,

या विषयावरचा हा माझा तिसरा अर्ज. पहिले दोन मी थोडक्यात लिहिले आणि त्यामुळेच ते वेडगळ वाटले असावेत. खिडकी क्र. ४ वरच्या आपल्या कर्मचारी बाई मला म्हणाल्या, "आजोबा, लोक नफा कमी दाखवला म्हणून भांडायला येतात. तुम्ही तोटा मागायला आलात?" त्यांचा यात काही दोष नाही. त्यांनी मला बसायला खुर्ची दिली आणि माझ्यासाठी रांग थांबवून ठेवली. तरी या खेपेस सर्व हकीकत सविस्तर लिहीत आहे. वाचण्यास वेळ लागेल, त्याबद्दल आधीच दिलगिरी व्यक्त करतो.

१. मी वजनमापे खात्यात एकतीस वर्षे निरीक्षक होतो. दुकानांतले तराजू, वजने, इंधन पंपांवरची मापे तपासायची आणि बरोबर असतील तर शिक्का मारायचा, हे माझे काम. पारड्याच्या बुडाशी मेण चिकटवणारे, वजन आतून पोखरून वर शिसे लिंपणारे असे पुष्कळ लोक मी पकडले आहेत. हे मोठेपणासाठी सांगत नाही. पुढे जे सांगायचे आहे त्यात माझ्यासारखा माणूस किती आंधळा ठरला, हे आपल्या ध्यानात यावे एवढ्यासाठी सांगतो.

२. निवृत्तीनंतर सातव्या महिन्यात माझी पत्नी वारली. त्यानंतर मी काहीही करीत नव्हतो. दाढी आठवड्यातून एकदा. जेवण पातेल्यातूनच. माझी एकुलती एक मुलगी शहराच्या दुसऱ्या टोकाला राहत असे. घरात आम्ही तिला ठकू म्हणत असू. अर्जातही तसेच लिहितो, कारण "माझी कन्या" असे लिहिले की ती दुसऱ्याच कोणाची तरी वाटते. कृत्रिम दात बनवणाऱ्या कारखान्यात ती कारागीर होती. तिच्या मनगटापर्यंत कायम प्लास्टरची पांढरी भुकटी असे. माझी खालची कवळी तिच्याच हातची आहे आणि अजून एकदाही टोचलेली नाही. एका रविवारी तिने स्वतःचा जुना संगणक आणून माझ्या टेबलावर बसवला, आपल्या या गुंतवणूक कंपनीत माझे खाते उघडले आणि म्हणाली, "बाबा, तुमचे पैसे बँकेत झोपा काढतायत. त्यांना उठवू या. त्यांच्याबरोबर तुम्हीही उठा जरा."

३. निवृत्तीची जवळजवळ सगळी रक्कम मी सहा कंपन्यांच्या समभागांत आणि दोन फंडांत घातली. निवड सर्वस्वी माझी होती. ठकूने दोनदा विचारले होते, "सगळीच घालायची का?" मी म्हणालो, "घालायची तर नीट घालू." तिने मला आपले कामगिरी-पत्रक कसे उघडायचे ते शिकवले. पहिल्या पानावर वरच्या बाजूला एकच मोठा आकडा येतो. नफा असेल तर हिरवा, तोटा असेल तर लाल. तेवढाच आकडा मी पाहत असे. दर शनिवारी सकाळी दहाला तिचा फोन येई, "काय बाबा, किती?" मी आकडा सांगे आणि वहीत लिहून ठेवी. फोन येणार म्हणून मी शनिवारी दाढी करू लागलो, मग रोजच करू लागलो. माझा फोन जुना असल्याने खात्याशी तिचा नंबर जोडला होता. आपले सर्व संदेश तिलाच जात.

४. खाते उघडल्यानंतर आठव्या महिन्यात बाजार पडला. एका शनिवारी आकडा लाल झाला. उणे अकरा. त्या दिवशी मी तिला फोनवर म्हणालो, "तुझ्या आईने पोटाला चिमटा घेऊन साठवलेलं मी घालवलं गं." दोन दिवस माझ्या पोटात अन्न नव्हते. तिसऱ्या दिवशी ती कामावरून थेट आली. केसांत भुकटी तशीच. माझ्यासमोर बसून जेवली, मला जेवायला लावले. मग संगणकापुढे बराच वेळ बसून राहिली. शेवटी म्हणाली, "येईल वर. एवढ्यात हातपाय गाळू नका."

आणि दोन शनिवारांनी आकडा खरोखरच वर आला. हिरवा, एक पूर्णांक दोन. मी तिला म्हणालो, "निवड कोणाची होती? वर येणारच होता." ती फोनवर इतकी हसली की मला फोन कानापासून लांब धरावा लागला.

५. त्यानंतरच्या चार वर्षांत मी स्वतःला बाजारातला जाणकार समजू लागलो. बाजार पडला की माझाही आकडा खाली येई, पण एक-दोन आठवड्यांत सावरे. इतरांचे सावरत नसे. मला वाटे, माझी नजरच तशी. आमच्या इमारतीच्या तळमजल्यावर एक शिंपी आहेत, माझे तीस वर्षांचे स्नेही. त्यांनी माझे ऐकून दुकानाच्या डागडुजीसाठी ठेवलेली रक्कम त्याच सहा कंपन्यांत घातली. वर्षभरात त्यांचे पाव हिश्शाहून जास्त गेले. ते वर येऊन मला म्हणाले, "समभाग तेच, भाव जवळपास तोच. मग तुमचे वर आणि माझे खाली कसे?" मी काय उत्तर दिले असेल? मी म्हणालो, "हाताला यश लागतं." त्यांची समजूत अशी झाली की मी गुपचूप विकून मोकळा झालो आणि त्यांना तेवढे अडकवले. दुसऱ्या दिवशी माझी शिवायला टाकलेली विजार त्यांनी रखवालदाराच्या हाती परत पाठवली. न शिवता. तेव्हापासून आमचे बोलणे बंद आहे.

६. आता जे लिहितो ते आपल्या कार्यालयाच्या कामाचे नाही, पण ते वगळले तर मी हा अर्ज का करतो ते कळणार नाही. दीड वर्षापूर्वी मी मुलीकडे जेवायला गेलो होतो. माझे जावई शाळेत चित्रकला शिकवतात, मितभाषी गृहस्थ. त्या दिवशी मात्र ते आपणहून बोलले, "बाबा, हिला स्वतःचा छोटा कारखाना टाकायचाय. जागा मिळतेय. भट्टी तेवढी घ्यायला हवी." दात भाजण्याची भट्टी असते, ती महाग असते. त्यांनी पैसे मागितले नव्हते. पण मला वाटले, मागणार. म्हणून मी आधीच सांगून टाकले, "चढत्या नफ्याला हात लावायचा नसतो. बाजाराचा पहिला नियम आहे." एवढ्यावर थांबलो असतो तरी चालले असते. मी पुढे म्हणालो, "ठकू, तू पगारातून जन्मभर जेवढं साठवशील ना, तेवढं मी बसल्या जागी मिळवलंय. तुला धाडस नाही, म्हणून तू अजून दुसऱ्याच्या मेजावर काम करतेस."

जावयांनी ताटावरून मान वर करून तिच्याकडे पाहिले. तिने डोळ्यांनीच त्यांना गप्प केले, आणि मला म्हणाली, "खरंय बाबा. तुमच्यासारखं सगळ्यांना नाही जमत. भाजी वाढू?"

मी भाजी घेतली, महोदय. आवडली म्हणून दुसऱ्यांदाही घेतली.

७. या वर्षी दि. ११ एप्रिल रोजी ठकू कामाच्या मेजावरच कोसळली. डोक्यातली रक्तवाहिनी फुटली होती. दोन दिवस रुग्णालयात होती, पण शुद्धीवर आली नाही. वय चव्वेचाळीस. चौथ्या दिवशी मी जावयांच्या घरी बसलो असताना कपाटावर ठेवलेला तिचा फोन वाजला. दोघेही दचकलो. आपल्या कंपनीचा संदेश होता : "अभिनंदन! आपल्या गुंतवणुकीने या महिन्यात चांगली कामगिरी केली आहे." जावयांनी तो मला वाचून दाखवला नाही. फोन माझ्या हातात दिला आणि ते गॅलरीत जाऊन उभे राहिले. मला वाटले, दुःखात असताना नफ्याचा संदेश, म्हणून त्यांना सहन झाले नसेल.

८. त्यानंतर सहा आठवडे आकडा खाली येत राहिला आणि सावरला नाही. मला आकड्याचे काही वाटत नव्हते. शनिवारी दहा वाजता सवयीने पत्रक उघडत असे, इतकेच. पण मी पाहिले की तो सावरत नाही. चार वर्षे ज्याने कधी असे केले नाही तो आता का करतो, हे जुन्या धंद्याच्या खोडीने मनात राहिले. दि. २८ मे रोजी मी आपल्या कार्यालयात आलो. खिडकी क्र. ४ वरच्या बाईंनी माझे पत्रक उघडले आणि दुसरे पान काढले. दुसऱ्या पानावर मी चार वर्षांत कधी गेलो नव्हतो. त्या म्हणाल्या, "तुमच्या सतरा नोंदींना खरेदी किंमतच भरलेली नाही, म्हणून तुमचा नफा एवढा दिसतोय. हे सगळे तुम्हाला भेट आलेत ना?" मी विचारले, "कोणाकडून?" त्यांनी पडदा माझ्याकडे वळवला. सतरा ओळी होत्या. प्रत्येकीपुढे कारणाच्या रकान्यात एकच मजकूर : "भेट. मुलीकडून वडिलांस."

आपल्या नियमाप्रमाणे भेट आलेल्या समभागांची मूळ किंमत खातेदाराने स्वतः भरायची असते. न भरल्यास ती शून्य धरली जाते, आणि शून्याला मिळालेली वस्तू म्हणून तिचे सगळे मोल नफ्यात जमा होते. हे तिला माहीत होते. ती स्वतःच्या खात्यात समभाग किंवा फंडाची युनिट विकत घेई, ती माझ्या खात्यात पाठवी, आणि किमतीचा रकाना मुद्दाम रिकामा ठेवी. मग पहिल्या पानावरचा आकडा हिरवा होई.

९. घरी येऊन मी शनिवारची वही काढली आणि सतरा तारखा तिच्याशी ताडून पाहिल्या. प्रत्येक भेट शुक्रवारची आहे. प्रत्येक भेटीच्या आधीच्या एक-दोन शनिवारी माझ्या अक्षरात घसरलेला आकडा आहे, आणि काही ठिकाणी त्याच्या शेजारी मी "झोप नाही", "ठकूला उगीच बोललो" असे काहीबाही लिहिलेले आहे. दहावी भेट त्या जेवणाच्या नंतरच्या शुक्रवारची आहे. माझा अंदाज असा की भट्टीसाठी ठेवलेले त्यातच गेले. शेवटची भेट ती जाण्याच्या आधी नऊ दिवस.

१०. आपल्या दि. २२ जुलैच्या पत्रात आपण लिहिले की खरेदी किंमत खातेदाराने स्वतः भरावी. मला ती ठाऊक नाही. खरेदी ठकूच्या खात्यातून झाली, ते खाते आता बंद आहे, आणि त्याच्या पावत्या केवळ तिच्या वारसाला मिळतात. म्हणून मी संमतीपत्रावर सही घेण्यासाठी जावयांकडे गेलो. त्यांनी वाचून सही केली. सही करता करता म्हणाले, "बाबा, सतरातल्या तीन माझ्या पगारातल्या आहेत. त्या महिन्यांत तिच्याकडे नव्हते."

मी विचारले, "म्हणजे तुम्हाला सगळं माहीत होतं?"

"होतं."

"मग तिला थांबवलं का नाही तुम्ही?"

त्यांनी पेनाला टोपण लावले आणि म्हणाले, "एकदा म्हणालो होतो, खरं काय ते सांगून टाक त्यांना. ती म्हणाली, आई गेल्यापासून बाबा आता कुठे मोठ्याने बोलायला लागलेत. बोलू दे त्यांना."

सर्व समभाग जावयांच्या नावे करून देतो असे मी त्यांना सांगितले. त्यांनी नकार दिला. तो आमचा घरचा प्रश्न आहे, त्यात आपल्याला पाडत नाही.

११. त्यानंतर मी तळमजल्यावर गेलो आणि शिंपीबुवांना सगळे सांगितले. ते मशीन थांबवून ऐकत होते. डोळ्यांत पाणीही आले त्यांच्या. पण शेवटी म्हणाले, "पोरीचं ऐकून वाईट वाटलं. पण तुमचा तोटा झाला, हे मी तुमच्या नुसत्या शब्दावर कसं मानू? चार वर्षं तुम्ही नफा म्हणून सांगत होतात. कागद दाखवा." त्यांचे म्हणणे रास्त आहे. माझ्या सांगण्याला आता वजन राहिलेले नाही, आणि हे मी, वजने तपासणारा माणूस, लिहून देतो. त्यांच्यापुढे ठेवायला मला खऱ्या आकड्याचा कागद हवा आहे.

१२. सतरापैकी एका नोंदीची पावती जावयांना ठकूच्या कारखान्यातल्या खणात सापडली. शेवटच्या भेटीची. पुढच्या बाजूला भाव आणि संख्या छापलेली आहे. मागे पेन्सिलीने तिच्या हातची बेरीज-वजाबाकी आहे. आकडा बाराच्या वर यायला अजून किती घ्यावे लागतील, याची. उत्तराखाली रेघ मारून तिने लिहिले आहे, "एवढ्यात भागेल."

तो भाव मी स्वतः त्या ओळीच्या रकान्यात भरला. बटण दाबताच वरचा आकडा नऊ पूर्णांक एकवरून आठ पूर्णांक सहावर आला. अर्धा टक्का कमी झाला होता. तेवढा ठकूने घातला होता, आणि तो मला डोळ्यांनी दिसला. अशा सोळा ओळी बाकी आहेत. त्या मला स्वतः भरता येत नाहीत, म्हणून आपल्याकडे आलो आहे.

आपल्या छापील अर्जात "माहिती मागण्याचे कारण" या सदरात चार पर्याय दिले आहेत : कर, न्यायालयीन काम, नोंदीतील दुरुस्ती, अन्य. आधीच्या दोन्ही वेळी मी "दुरुस्ती" या पर्यायावर खूण केली आणि आपण कळवले की चूक आढळत नाही. आपले बरोबर आहे. आपल्या यंत्राने चूक केलेली नाही. आपल्या यंत्राला तिने जे सांगितले तेच त्याने मला दाखवले. म्हणून या वेळी मी "अन्य" वर खूण करीत आहे.

सबब विनंती की,

(अ) उर्वरित सोळा नोंदींच्या मूळ खरेदी किमती बंद खात्यावरून काढून माझ्या पत्रकात भरण्यात याव्यात, आणि ही संपूर्ण रक्कम नफ्यातून वगळून "गुंतवणूक" या सदरात घेण्यात यावी.

(ब) तसे केल्यावर होणारा खरा आकडा, माझ्या हिशेबाने तो लाल असेल, मला छापील कागदावर, आपल्या सही-शिक्क्यानिशी देण्यात यावा. दोन प्रती द्याव्यात. एक तळमजल्यावर द्यायची आहे.

(क) शक्य असल्यास माझ्या स्वतःच्या सहा कंपन्या व दोन फंड यांची कामगिरी वेगळी काढून दाखवावी, म्हणजे माझ्या नजरेने नक्की किती घालवले आणि तिने नक्की किती भरून काढले, हे मला वेगवेगळे कळेल. यासाठी काही शुल्क पडत असल्यास कळवावे. ते मी माझ्या निवृत्तिवेतनातून भरीन, या खात्यातून नाही.

(ड) अभिनंदनाचे मासिक संदेश तिच्या नंबरवर पाठवणे बंद करण्यात यावे. माझ्या नंबरवरही पाठवू नयेत.

कागद आला की मी तो जावयांना दाखवणार आहे आणि त्यांच्यासमोर वाचणार आहे, मोठ्याने. त्या दिवशी जेवताना मी जे बोललो ते त्यांनी ऐकले होते, म्हणून हेही त्यांनीच ऐकावे. जिने ऐकायला हवे होते तिला मी ते वेळेवर सांगू शकलो नाही. दर शनिवारी ती स्वतः फोन करीत होती आणि मी तिला आकडा सोडून दुसरे काही विचारले नाही. ती कशी आहे, पाठ दुखते का, जागेचे काय झाले, यांपैकी काही नाही. वहीत मी पाहिले. दोनशेपेक्षा जास्त शनिवार आहेत.

लवकरात लवकर कार्यवाही व्हावी ही कळकळीची विनंती. आपणास वेळ नसल्यास खिडकी क्र. ४ वरच्या बाईंकडे हे काम सोपवावे. त्यांना ओळी ठाऊक आहेत.

आपल्या निर्णयाच्या प्रतीक्षेत असलेला,
नम्र अर्जदार

(सही)
खातेदार, निवृत्त निरीक्षक (वजनमापे)

सोबत जोडलेली कागदपत्रे :
१) वारस या नात्याने जावयांचे संमतीपत्र, मूळ प्रत.
२) मृत्यूच्या दाखल्याची छायाप्रत.
३) सतरा भेटींची यादी, माझ्या हस्ताक्षरात, तारखांसह. त्यातील तीन ओळींपुढे जावयांनी स्वतः खूण केली आहे.
४) शनिवारच्या वहीतील संबंधित पानांच्या छायाप्रती. समासातील मजकूर वाचू नये.
५) शेवटच्या खरेदीच्या पावतीची छायाप्रत, फक्त पुढच्या बाजूची. पडताळणीसाठी मूळ पावती आवश्यक असल्यास मी ती घेऊन स्वतः येईन आणि खिडकीपाशी हातात धरून दाखवीन. जमा करून घेण्यासाठी मात्र मागू नये. ती मी देऊ शकणार नाही.